रजिस्टरातले आठ तास

सकाळचे सव्वासहा वाजले होते. पूर्णेतल्या सटवाजी जोंधळ्यांच्या घरात रोजची धांदल चालली होती. सरजाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. त्यांची मुलगी धम्मशीला आरशापुढं उभी राहून एका हातानं केस विंचरत होती, दुसऱ्या हातात चहाचा कप होता. सटवाजी दारातल्या बाजेवर बसून स्टेशनाकडं कान लावून होते. चौतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर नोकरी केलेला माणूस. त्यांना घड्याळ लागत नसे.

"शीला, पॅसेंजर टायमात हाय आज. हाल लवकर."

"निघालेच, बाबा."

"दोन घास खाऊन जा की गं," सरजाबाई म्हणाल्या. "कालचा डबा तसाच आणलास. परवाचा बी तसाच. कुत्र्याला घातली मी भाकर."

"टाइम न्हाई मिळाला, माय."

"आठ घंट्याच्या ड्यूटीत जेवायला टाइम मिळंना व्हय?" सटवाजी हसले. "आमी गेटवर दिवसाच्या ईस गाड्या काढून बी भाकर खायचो, चटणी-कांद्यासंगं."

धम्मशीलेनं कप खाली ठेवला. तिची ड्यूटी आठ तासांची नाही, हे तिनं बाबांना आजवर चार-पाचदा सांगून पाहिलं होतं. तिनं डबा पिशवीत टाकला आणि ती स्टेशनाकडं निघाली. सटवाजी ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिले. नर्सिंग शिकलेली, पांढऱ्या कपड्यातली लेक. घराण्यातली पहिली. त्या पाठमोऱ्या पोरीकडं बघताना त्यांची छाती रोज फुगायची, आणि ती फुगायलाच हवी होती. चूक अभिमानात नव्हती. चूक पुढं झाली.

सटवाजींचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भला माणूस. दारूला शिवलेला नाही, बायकोवर हात उगारलेला नाही. नोकरीला लागले तेव्हा त्यांचं फाटक बारा तासांचं होतं. युनियनबरोबर सहा वर्षं भांडून त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी ते आठ तासांचं करून घेतलं. दर चौदा एप्रिलला वस्तीत त्यांचं भाषण ठरलेलं. बाबासाहेबांनी कामगाराच्या दिवसाचे आठ तास करण्यासाठी काय केलं, हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. समोर बसलेल्यांत आपलीच मुलगी डोळे मिटून पेंगते आहे, हे त्यांना दिसायचं. भाषण लांबलं असेल, असं त्यांना वाटायचं. अहो, आपल्या घरातलं आपल्याला दिसत नाही ते असं!

आणि दुसरी गोष्ट म्हणजे रिलीव्हर. फाटकावर एकाची पाळी संपली की त्याला मोकळा करायला दुसरा येतो, तो रिलीव्हर. तो येऊन रजिस्टरात सही करत नाही तोवर पहिल्यानं जागा सोडायची नाही. हा नियम सटवाजींच्या हाडात मुरलेला. धम्मशीला नोकरीला निघाली त्या दिवशी त्यांनी तिला हाच एक उपदेश केला होता.

"बाई, काय बी झालं तरी रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडू नगंस. माणसाचा जीव आपल्या हातात असतो. ते इमान हाय."

मुलीनं तो उपदेश मनावर घेतला. ती तो विसरली असती तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ या बापावर येणार होती.

धम्मशीला परभणीतल्या एका खासगी दवाखान्यात कामाला होती. दवाखान्याचं नाव सांगत नाही. नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही. तिथं कागदावर तीन पाळ्या होत्या, आठ-आठ तासांच्या. प्रत्यक्षात दोनच, बारा-बारा तासांच्या. आणि महिन्यातून आठ-दहा वेळा दुसऱ्या पाळीची सिस्टर यायचीच नाही, कारण ती नोकरी सोडून गेलेली असायची आणि तिच्या जागी कुणाला घेतलेलं नसायचं. मग पहिलीनंच थांबायचं. दवाखान्याचे व्यवस्थापक भागवत सर फोनवर गोड बोलत. "सिस्टर, जरा ॲडजस्ट करा. पेशंट टाकून कुठं जाता? आपलं काम म्हणजे सेवा." सेवा! हा शब्द तोंडात घेणारे भागवत सर स्वतः मात्र संध्याकाळी सहाला गाडी काढून घरी जात.

हजेरीची तिथली पद्धतही ऐकण्यासारखी होती. सकाळी आल्या आल्या प्रत्येक सिस्टरनं रजिस्टरात दोन सह्या करायच्या. एक येण्याची, एक जाण्याची. वेळा आधीच लिहिलेल्या असत. आठ वाजता हजर, चार वाजता रवाना. सकाळी आठलाच पोरी सही करून "रवाना" होत, आणि मग वॉर्डात जाऊन रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत उभ्या राहत. पहिल्या दिवशी धम्मशीलेनं विचारलं होतं, "सर, जायची सही जाताना करू का?" भागवत सर हसले होते. "जाताना घाई असते हो तुम्हाला. आत्ताच करून टाका." शिवाय तिची मूळ गुणपत्रकं आणि नोंदणीचा कागद त्यांच्या लोखंडी कपाटात होता. दोन वर्षं सोडायचं नाही, असं लिहून घेतलेलं होतं. सगळ्याच पोरींचं घेतलेलं होतं.

पहिलं वर्ष तरुणपणाच्या जोरावर गेलं. दुसऱ्या वर्षी तिच्यात काहीतरी हलू लागलं. आधी झोप गेली. अंग गळून पडायचं, पण डोळा लागायचा नाही. लागला की कानात सलाईनच्या मशीनचा बारीक आवाज व्हायचा आणि ती दचकून उठून बसायची. मग विसर पडायला लागला. गाडीत बसली की वाटायचं, सात नंबरच्या पेशंटची सुई काढली का आपण? मग भक्तीला फोन. भक्ती तिच्याच वॉर्डातली सिस्टर. ती सांगायची, काढलीस गं. फोन ठेवला की पुन्हा तोच प्रश्न. वाटेतलं मिरखेल स्टेशन येईपर्यंत तीन फोन व्हायचे. घरी आली की सरजाबाईंना विचारायची, "माय, मी आत्ता जेवले का गं?" सरजाबाई आधी हसायच्या. मग हसायच्या बंद झाल्या.

एका रविवारी भांडी घासता घासता ती रडायला लागली. कारण काहीच नव्हतं. हातातली वाटी तशीच आणि डोळ्यांतून धार.

"काय झालं गं? कुणी बोललं का?"

"न्हाई, माय."

"मंग कामून रडायलीस?"

"मलाच कळंना."

सरजाबाईंनी रात्री नवऱ्याच्या कानावर घातलं. दोघांनी मिळून निदान केलं की पोरगी सव्वीसची झाली, लग्नाचं बघायला पाहिजे. आपल्याकडं मुलीच्या प्रत्येक दुखण्यावर हे एकच औषध ठरलेलं असतं. डोकं दुखू द्या, पोट दुखू द्या, मन दुखू द्या, लग्न करा. ती रोज किती तास उभी असते, हे मोजायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

तिनं स्वतः सांगितलं नाही असंही नाही.

"बाबा, माझ्यानं होईना आता. चौदा चौदा तास होतात."

"नोकरी म्हणलं की थोडंफार चालतंच, शीला. आमी काय कमी राबलो? हे दिस बी जातील. मन घट कर."

मन घट्ट कर! किती घरांत, किती तोंडांतून हे वाक्य रोज निघत असेल. ऐकणाऱ्याचं मन घट्ट व्हायच्या ऐवजी त्याचं तोंड घट्ट मिटतं, एवढाच त्याचा उपयोग.

दिवाळीच्या आधी तापाची साथ आली. दवाखान्यात खाटा पुरेनात, पेशंट व्हरांड्यात गाद्या टाकून झोपले. दोन सिस्टर त्याच आठवड्यात सोडून गेल्या आणि भक्ती स्वतःच तापानं पडली. धम्मशीला सोमवारी सकाळी आठला वॉर्डात गेली. सोमवारची रात्र तिथंच गेली. मंगळवारची सकाळ उजाडली, रिलीव्हर आला नाही. वॉर्डात ती एकटी आणि एकतीस पेशंट.

नऊ नंबरच्या खाटेवर ताडकळसचे चंद्रभान म्हणून एक म्हातारे शेतकरी होते. साखर वाढलेली, पायाची जखम चिघळलेली. त्यांची बायको चतुराबाई आठ दिवसांपासून खाटेखाली वाकळ टाकून राहत होती. मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास धम्मशीला इन्सुलिनची सुई भरून त्या खाटेशी आली. म्हाताऱ्याचा शर्ट वर केला आणि तिचा हात थांबला. सुई आत्ताच दिल्यासारखं वाटत होतं. पण ते आत्ताचं होतं की सकाळचं, की कालचं? तिनं तक्त्यावर पाहिलं. नोंद नव्हती. पण नोंद करायला ती विसरली असेल तर?

"मावशी," तिनं चतुराबाईला विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी ह्यांना आत्ता सुई दिली का?"

"आवं बाई, आत्ता तर देऊन गेलीस की! दहा मिंटं बी झाली नसतील. त्या तिकडच्या लेकराला बघून परत आलीस अन् पुन्यांदा सुई? काय करायलीस तू?"

धम्मशीला मटकन खाली बसली. दुसरी सुई गेली असती तर म्हाताऱ्याची साखर तळाला गेली असती. कदाचित तो उठलाच नसता.

चतुराबाईनं तिला पाणी पाजलं. "लेकरा, तू कालच्याला सकाळी बी हितंच व्हतीस. रातीला बी तूच. आज बी तूच. घरदार हाय का न्हाई तुला? जा माय, जा घरी. कुनाचा तरी जीव जाईल, न्हाईतर तुजा जाईल."

धम्मशीला उठली. सुई मोडून डब्यात टाकली. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं की मी आता पेशंटला हात लावणार नाही, माझा हात भरवशाचा राहिलेला नाही, वर कुणालातरी पाठवा. कुणीतरी वर गेलेलं पाहिल्यावरच ती बाहेर पडली. त्या तीस तासांत तिनं केलेलं सगळ्यात शहाणपणाचं, सगळ्यात जबाबदारीचं काम हेच होतं. जगानं त्याला पळून जाणं म्हटलं.

ती घरी पोचायच्या आतच सटवाजींचा फोन वाजला होता.

"जोंधळे काका, मी भागवत बोलतोय. तुमची मुलगी भरलेला वॉर्ड सोडून निघून गेली. एकतीस पेशंट उघड्यावर. आम्ही पोलिसात गेलो तर तिचं रजिस्ट्रेशन जाईल. तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला ड्यूटी म्हणजे काय ते सांगायला नको."

नेमकं दुखरं ठिकाण! सटवाजी बाजेवर दाराकडं तोंड करून बसले. मुलगी उंबऱ्यात आली तसे ते उभे राहिले.

"रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडलीस?"

"बाबा, तीस तास झाले. मी एकाला दोनदा सुई द्यायलते. मेला असता तो."

"जागा सोडलीस का न्हाई, तेवडं सांग!"

"सोडली."

सटवाजींनी कपाळावर हात मारून घेतला. चौतीस वर्षांत एकदा असं केलं नाही आपण, आणि ही पोरगी... "इज्जत घातलीस गं मातीत," ते म्हणाले. सरजाबाई मध्ये पडल्या, "आवं, तिचं तोंड तर बगा," म्हणाल्या, पण त्यांचं कोण ऐकणार. धम्मशीला भिंतीला टेकून बसली आणि बसल्या जागी झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजींनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मुलीला घेऊन परभणी गाठली. भागवत सरांच्या खोलीत त्यांनी हात जोडले. युनियनमध्ये मोठ्या साहेबांपुढं न वाकलेला माणूस त्या फिरत्या खुर्चीपुढं वाकला.

"लेकरू हाय, साहेब. चुकलं. पदरात घ्या."

"तुम्ही मोठे आहात म्हणून ऐकतो," भागवत सर म्हणाले. "पण ही तीस तास, तीस तास म्हणते ते काय आहे? बघा तुम्हीच." त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. "सोमवार. आठ ते चार. मंगळवार. आठ ते चार. सही तिचीच ना?"

सटवाजींनी चष्मा लावला. सही मुलीचीच होती. रेल्वेच्या माणसाला रजिस्टर म्हणजे देवाच्या जागी. गाडी गेली नऊ बावीसला, म्हणजे नऊ बावीसच, त्यात एकविसाचा घोटाळा नाही. त्यांनी आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती, म्हणून खोटी नोंद असू शकते हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांनी मुलीकडं असं पाहिलं की तिनं मान खाली घातली. सांगायला तोंड उघडलं असतं, तर तोंडापुढं तिचीच सही होती. तिनं माफीचा कागद लिहून दिला आणि वॉर्डात गेली.

जिन्यात बाप एवढंच म्हणाला, "लिवलेत आठ घंटे. अन् बापाला तीस सांगतीस?"

त्या दिवसापासून धम्मशीलेनं घरात बोलणं सोडलं. रडणंही थांबलं. सरजाबाईंना वाटलं, पोरगी सावरली. सटवाजींना वाटलं, अक्कल आली. ती वेळेवर उठायची, वेळेवर निघायची, डबा तसाच परत आणायची. माणूस आतून विझत जातो तेव्हा घरात फार शांतता असते, आणि घरच्यांना ती शांतता आवडते.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सकाळी साडेअकराला सटवाजींना नागनाथचा फोन आला. नागनाथ पूर्णेबाहेर हिंगोलीकडं जाणाऱ्या लाईनीच्या फाटकावर होता. सटवाजींच्याच हाताखाली शिकलेला पोरगा, त्यांना मामा म्हणायचा.

"मामा, लवकर फाटकावर या. शीला हितं हाय. बरी हाय, घाबरू नका. पर लवकर या."

"शीला? ती तर ड्यूटीवर गेली सकाळच्या गाडीनं."

"न्हाई गेली, मामा. या तुमी."

सटवाजींनी सायकल काढली. फाटकापाशी एक मालगाडी थांबलेली होती, ड्रायव्हर खाली उतरून नागनाथशी बोलत होता. त्यांना बघून नागनाथनं फक्त खोलीकडं बोट केलं. आत बाकावर धम्मशीला बसली होती. पांढऱ्या कपड्यांवर काळं वंगण लागलेलं, पायात चप्पल नाही.

नागनाथनं त्यांना बाहेरच थांबवून सांगितलं. स्टेशनात न जाता सकाळभर कुठंतरी भटकून ती रुळारुळानं चालत आली होती. फाटकापासून दोनशे पावलांवर रुळावर बसली. त्यानं हाका मारल्या, तिनं वळून पाहिलं नाही. मालगाडीचा टाइम झाला होता. तो लाल झेंडा घेऊन पळत सुटला. गाडी तिच्यापासून शंभर पावलांवर उभी राहिली. "डायवर चांगला व्हता म्हणून, मामा," नागनाथ म्हणाला, आणि एवढा तगडा गडी तोंडाला रुमाल लावून बाजूला झाला.

सटवाजी आत गेले. मुलीशेजारी बसले. 

"पोरी, मराया निघाली व्हतीस का गं?"

धम्मशीलेनं विचार केला, कुणी अवघड हिशेब घातल्यासारखा.

"न्हाई, बाबा. बसायचं व्हतं. कुणी सिस्टर म्हणून हाक मारणार न्हाई अशी जागा दुसरी दिसली न्हाई."

"गाडी येती हे तुला ठावं न्हाई? माझी लेक तू!"

"गाडी दिसत व्हती. पर उठावं, एवढं बी काही वाटंना."

मरायला निघालेल्या माणसाला निदान मरायचं तरी असतं. हिला काहीच उरलं नव्हतं. सटवाजींनी तिचा हात धरला. ती म्हणाली, "बाबा, तुमी म्हणलेलं मी सगळं ऐकलं. रिलीव्हर येईपर्यंत थांबले. तुमचा रिलीव्हर यायचा. माझा यायचाच न्हाई. मंग मी कवर थांबायचं व्हतं, ते तुमी सांगितलंच न्हाई."

ती बाकावर आडवी झाली आणि झोपली. सटवाजी तिच्या उशाशी बसून राहिले. दोन वाजता एक पोरगा मोटारसायकलवर आला, "जय भीम मामा," म्हणाला, रजिस्टरात वेळ टाकून सही केली. नागनाथनं किल्ल्या, झेंडे त्याच्या हवाली केले, आपली सही केली आणि डबा उचलला. सकाळी सहा ते दुपारी दोन. आठ तास. सटवाजींनी आयुष्यात हजारो वेळा पाहिलेली, केलेली गोष्ट. ती बघता बघता ते हुंदके देऊन रडायला लागले. जे आपण सहा वर्षं भांडून मिळवलं, ते आपल्या मुलीला मिळतंय का, हे आपण एकदा जाऊन पाहिलं नाही. एकदा गेलो, तर तिला परत नेऊन सोडायला गेलो!

सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलावलं. सरजाबाई कुजबुजल्या, "बाईसाहेब, लोकाला कळलं तर पोरीचं लगीन..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, मोडलेल्या पायावर कुणी मणाचं ओझं घेऊन चालायला लावतं का? हे तसंच आहे. औषध मी देईन, पण ओझं तुम्हाला उतरवावं लागेल. ती आता त्या कामावर जाणार नाही." सरजाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि त्यानंतर लग्नाचा शब्द काढला नाही.

सटवाजी मूळ कागद मागायला भागवत सरांकडं गेले. या खेपेला हात जोडले नाहीत.

"दोन वर्षं पूर्ण झाली की मिळतील," भागवत सर म्हणाले.

"पोरगी मरता मरता वाचली, साहेब. तुमच्या तीस-तीस घंट्यांनी."

"काका, पुन्हा तेच. रजिस्टर तुम्ही स्वतः पाहिलंय. तुमच्यासमोर तिनं माफी लिहून दिलीय. आता तुम्हीच सांगा, साहेब लोक कुणाचं मानतील?"

सटवाजी खाली उतरले. त्या माणसाचं म्हणणं खरं होतं. खोट्याला पुरावा कुणी दिला? आपणच.

पुराव्यासाठी ते ताडकळसला गेले. बाजाराचा दिवस होता. मुलीनं सांगितलेल्या खुणेवरून चतुराबाईचं घर सापडलं. चंद्रभान ओट्यावर पाय पसरून बसले होते, जखम भरत आली होती. सटवाजींनी येण्याचं कारण सांगितलं तशी चतुराबाई उठून उभी राहिली.

"ती पोरगी? आरं देवा! तिनं इचारलं म्हणून माजं कुकू हाय. दुसरी असती तर टोचून मोकळी झाली असती. चला, कुटं यायचं सांगा. मी त्या फरशीवर आठ दिस काढलेत. कोन कवा आलं, कोन कवा गेलं, मला समदं ठावं हाय. मला लिवता येत न्हाई, पर डोळे हायत की!"

भक्तीनंही धीर केला. ताप उतरल्यावर तिनं आपल्या मोबाइलातले तीन महिन्यांचे फोन आणि मेसेज दाखवले, धम्मशीलेचे, भागवत सरांचे, कुणी कधी "थांबा" म्हटलं त्याचे. नोकरी जाईल हे तिला माहीत होतं. गेलीच. बाकीच्या सात पोरींनी मान हलवली आणि पुन्हा वॉर्डात गेल्या, कारण त्यांचेही कागद कपाटात होते. त्यांना नावं ठेवायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही.

मग एका सोमवारी सटवाजी, धम्मशीला, भक्ती आणि चतुराबाई परभणीच्या कामगार कार्यालयात गेले. कारकून मध्यमवयीन होता, ऐकून घेणारा. त्यानं चतुराबाईचा जबाब लिहून अंगठा घेतला, भक्तीच्या मोबाइलातल्या नोंदी उतरवून घेतल्या. धम्मशीलेला त्यानं पाणी दिलं आणि हळूहळू सांगा म्हणाला. ती सांगत असताना दोनदा थांबली. सोमवार का मंगळवार ते तिला आठवेना. चतुराबाईनं आठवण करून दिली. शेवटी त्यानं छापील अर्ज पुढं ओढला.

"तक्रार कुणाविरुद्ध, ते सांगा. दवाखान्याचं नाव, व्यवस्थापकाचं नाव."

सटवाजींनी दोन्ही नावं सांगितली. त्यानं लिहिली.

"आजून एक लिवा," सटवाजी म्हणाले. "सटवाजी किसन जोंधळे."

"ते तक्रारदारात लिहिलंय, काका."

"तिथं नगं. हितं. भागवत साहेबाच्या नावाखाली."

कारकुनानं पेन थांबवलं. धम्मशीलेनं बापाचा हात धरला, "बाबा, नका ना," म्हणाली. चतुराबाई काही न कळून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघू लागली.

"काका, असं लिहिता येत नाही. त्याला रकाना नाही."

"मग कागदाच्या मागं लिवतो मी. माझं मी लिवतो."

त्यांनी अर्ज उलटा केला, चष्मा लावला आणि चौतीस वर्षं ज्या अक्षरात गाड्यांच्या वेळा लिहिल्या त्याच अक्षरात लिहिलं:

"मी सटवाजी किसन जोंधळे, सेवानिवृत्त गेटमन, राहणार पूर्णा, लिहून देतो की, माझी मुलगी तीस तास काम करून घरी आली तेव्हा तिने मला खरे सांगितले होते. मी मुलीचे ऐकले नाही, रजिस्टराचे ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला परत त्याच कामावर मी स्वतः नेऊन सोडले. दवाखान्याची चौकशी व्हावी. आणि चौकशीला येणाऱ्या साहेबांनी मलाही विचारावे की, तू बाप असून असे का केलेस."